बागेत, परसात, बाथरूममध्ये येणारे वन्य प्राणी - अनुभव आणि उपाय

रानजाई
परसबागेच्या चर्चेच्या धाग्यावर मिरचीच्या रोपांपासून सुरू झालेली गाडी साळिंदरावर गेली आणि धागाकर्तीने (रास्तच) तक्रार केली, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. किस्से, फोटो, वैताग सगळं चालेल पण शक्यतो उपायही लिहा, नुसते किस्से वाचून माझे नारळ वाचणार नाहीयेत.

आमचं घर लांज्याच्या पुढे. मागे वाडी, वाडीला लागून ओढा आणि ओढ्यापलीकडे सरळ रान. साळिंदर दिसत कधीच नाही, सकाळी फक्त त्याचा कारभार दिसतो. नारळाचं रोप वरून हिरवंगार असतं, सगळं ठीक वाटतं, आणि झावळी धरून जरा ओढली की अख्खा सुळका हातात येतो. बुंध्याजवळ वाकून बघितलं की कळतं, बाहेरचे तंतू कुरतडून बाजूला टाकलेत, आतला पांढरा गोडसर कोंब खाल्लाय आणि कडेला पुढच्या रुंद दातांच्या खुणा जोडीजोडीने उमटल्यात. सुरण आणि करांदे तर उकरून नेतंच. आता आम्ही प्रत्येक रोपाला जुन्या पत्र्याचं गोल कडं घालतो, वीतभर जमिनीत पुरून, कारण नुसतं वर ठेवलं तर खालून उकरतं. उपाय चालतो, पण पत्रे आणायचे किती आणि कुठून!

आणि हो, साळिंदर काटे फेकून मारत नाही. पाठ वळवून मागे मागे येतं आणि टोचवतं. आमच्या मोत्याने ते शिक्षण नाकावर घेतलंय.

निवांत_नळस्टॉप
वन्य प्राणी म्हणजे पाल धरायची का? मग माझ्याकडे भरपूर आहेत.

रानजाई
धरा की! पण पाली असल्या की मागोमाग कोण येतं ते खाली कुणीतरी लिहीलच.

वारूळ
लिहितोच. कवड्या येतो. मी बरीच वर्षं सर्पमित्र म्हणून फिरतोय आणि "काका लवकर या, घरात मण्यार शिरलीय" असे जे फोन येतात त्यातला बराच वाटा कवड्याचा असतो. तो बिनविषारी, पाली खातो, भिंतीवर चढतो, ट्यूबलाईटच्या मागे, खिडकीच्या फटीत सापडतो. दोघांच्याही अंगावर पांढरट पट्टे म्हणून गडबड होते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं, मानेजवळ पट्टे नसतात किंवा जेमतेम, आणि मागे शेपटीपर्यंत ठळक. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ असते पण ती बघायला तुम्ही इतक्या जवळ जाऊ नका, लांबून फोटो काढा आणि झूम करा. ओळखीची खात्री नसेल तर मण्यारच समजायचं, त्यात कमीपणा नाही.

मण्यार रात्रीची हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. चावा बहुतेक वेळा दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणासुद्धा दिसतील असं नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे समजतात पित्त झालंय. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला असं झालं तर ओवा-लिंबू देत बसू नका, सरळ हॉस्पिटल. १०८ ला फोन करा, गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीने. दोरी करकचून बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. हातपाय न हलवता न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

चिंच_गूळ
वारूळकाका, घोणस ओळखायला सोपी का? आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये अजगराचं पिल्लू म्हणून मुलं फोटो काढत होती आणि वॉचमनने सगळ्यांना हाकललं.

वारूळ
वॉचमनला माझ्याकडून चहा पाजा. घोणशीला अजगराचं पिल्लू समजणं ही फार महागात पडणारी गोष्ट आहे. घोणशीच्या पाठीवर गोल-लांबट साखळीसारख्या तीन ओळी असतात, बरीचशी एकसारखी कडी. अजगराचे डाग वेडेवाकडे, नकाशासारखे कसेही. आणि घोणस चिडली की कुकरची शिट्टी होते तसा आवाज काढते, न थांबता. तो आवाज आला की तिथूनच मागे फिरायचं. मे ते जुलै तिची पिल्लं होतात, अंडी नाही, थेट पिल्लं, वीस-तीस तर सहज, आणि पिल्लू जन्मल्याक्षणी विषारी असतं. त्या दिवसांत पार्किंगच्या कोपऱ्यातला पालापाचोळा काढताना हात घालू नका, फावडं वापरा.

सडा_आणि_समुद्र
सापांचं ठीक आहे हो, साप बिचारे काही खात नाहीत आमचं. माकडांवर बोला कुणीतरी. मी देवगड तालुक्यातला, कलमं आहेत, माड आहेत, थोडी भाजी. पाच-दहा वर्षांपूर्वीपर्यंत वांदर यायचे, खायचे, जायचे. आता केलडी (लाल तोंडाची माकडं) आली की टोळीच्या टोळी, कोवळे शहाळे खुडून खाली टाकतात, एक घोट पितात आणि दुसरं तोडतात. भेंडी लावणं सोडलं, पपई सोडली, केळी घरामागे एकच ठेवलीय ती पण घड काढेपर्यंत जिवात जीव नाही. कौलं फोडतात ते वेगळंच, पावसाच्या तोंडावर कौलं मिळत नाहीत आणि चढायला माणूस मिळत नाही. मुंबईहून पाहुणे येतात आणि वेफर्स टाकतात, "सो क्यूट". मी हात जोडून सांगतो की बाबांनो तुम्ही उद्या जाल, त्याला वेफर्सची चव लागली की तो माझ्या स्वयंपाकघरात येणार आहे. आणि येतोच. आईच्या हातातून भाकरी ओढून नेलीय.

माझ्या ओळखीत कितीजणांनी नाचणी, वरी, भुईमूग करायचं बंद केलंय ते कोणी मोजत नाही. शेत पडीक, त्यावर झाडी वाढते, त्यात डुकरं राहायला येतात. मग राहिलेलं भात डुकरं झोपवतात. हे चक्र कसं तोडायचं ते सांगा, निसर्गप्रेम मला पण आहे.

निवांत_नळस्टॉप
कार्बाइडच्या बंदुका मिळतात ना आता? पीव्हीसी पाईपच्या. गावाकडे बघितल्यात, दणदणीत आवाज होतो.

सडा_आणि_समुद्र
मिळतात. माकडं आठवडाभर पळतात मग त्यांना कळतं की नुसता आवाज आहे. आणि ती गोष्ट धोक्याची आहे, पेटली नाही की माणूस नळीत डोकावतो आणि त्याच वेळी ती उडते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याच बंदुकांनी किती पोरांचे डोळे गेले ते पेपरात आलं होतं. घरात मुलं असतील तर आणूच नका.

डुकरांना आमच्याकडे जुन्या साड्यांचं कुंपण करतात, अख्खा मळा रंगीबेरंगी दिसतो. वाऱ्याने हलतं म्हणून बुजतात, पण तेही एका हंगामापुरतं. आणि कुंपणाला करंट सोडणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, दरवर्षी कुठे ना कुठे माणूस मरतो, बहुतेक वेळा घरचाच किंवा शेजारचा.

रानजाई
आमच्याकडे भाजीच्या वाफ्याला होड्यांवरची जुनी जाळी लावतात, माकडांना आणि कोंबड्यांना दोघांना. तुमच्याकडे तर बंदर जवळ, सहज मिळतील.

वारूळ
ताई, जाळी लावताय तर एक विनंती. जमिनीला टेकवू नका, किंवा टेकवायची तर ताणून घट्ट बांधा. ढिली नायलॉनची जाळी म्हणजे धामणीसाठी फास आहे. ती उंदराच्या मागे जाते, डोकं एका घरातून पार होतं, पुढे अंग जाड आणि मागे यावं तर खवले अडकतात, जितकी ओढेल तितकी दोरी आत रुतते. मी नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक दोरा कापून धामणी सोडवल्यात, एकजण डोकं धरतो, दुसरा खवल्याखालून कात्रीचं बोथट टोक सरकवतो, आणि उन्हात पडलेली असेल तर आधी ओलं फडकं टाकायचं. निम्म्या वेळा तोपर्यंत ती मेलेली असते. मग तेच शेतकरी पुढच्या वर्षी उंदरांनी भात खाल्लं म्हणून सांगतात. धामणीच्या शेपटीत काटा नसतो, ती म्हशीचं दूध पीत नाही, ती उंदीर खाते आणि तेही फुकट.

उसातला
जुन्नर तालुका. वाचतोय सगळं, पण आमच्याकडं आलेला पाहुणा भेंडी खात नाही.

बिबट्या आमच्याकडं जंगलातून येतो असं शहरातल्या लोकांना वाटतं. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. मादी उसात पिल्लं घालते, तोडणीला टोळी आली की पाचटात मांजरासारखी पिल्लं सापडतात. तेव्हा पिल्लं उचलून न्यायची नाहीत हे आता लोकांना माहीत झालंय. वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राचे डॉक्टर येतात, तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, लांब कॅमेरा लावतात. रात्री मादी येते, क्रेट पाडते आणि एकेक करून तोंडात धरून नेते. पिल्लं नेली तर ती मादी चवताळून वस्तीभोवती फिरते, ते जास्त वाईट.

आता नियम सांगतो, आमच्या वस्तीवर पाळतात ते. दिवेलागणीनंतर पोरं अंगणात एकटी नाहीत. शौचाला, गवत कापायला वाकून बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, म्हणून दोघं जायचं आणि बोलत राहायचं. गोठ्याला नुसता आडोसा नाही, वरून पण जाळी. रात्री पाणी द्यायला जाताना मोबाईलवर मोठ्याने भजन नाहीतर तमाशा, काहीही. रात्रीच का जायचं तर लाईट रात्रीची मिळते. दिवसा थ्री फेज द्या, निम्मा प्रश्न मिटेल असं आम्ही किती वर्षं ओरडतोय.

चिंच_गूळ
पण मग पकडून लांब जंगलात का सोडत नाहीत? भाबडा प्रश्न असेल तर सॉरी.

उसातला
भाबडा नाही, आमच्या गावच्या प्रत्येक मीटिंगला हाच प्रश्न असतो.

मुळामुठा
यावर काम झालंय. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जुन्नर भागातले बरेच बिबटे पकडून लांब सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तर जिथे सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढलेले दिसले. अनोळखी जागेत टाकलेला, पिंजऱ्यात आपटून जखमी झालेला प्राणी, तिथे आधीच दुसऱ्याची हद्द, मग तो भटकतो. शिवाय तो राहतो कुठे तिथे! २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर काढून, रेडिओ कॉलर लावून माळशेजजवळ सोडला होता, "आजोबा" नाव ठेवलेलं. तो शंभराच्या वर किलोमीटर चालून, हायवे आणि रेल्वे ओलांडून मुंबईच्या नॅशनल पार्कपर्यंत पोचला. वाटेत एका माणसाला त्याने हात लावला नाही. आणि तुम्ही इकडून एक उचलला की रिकाम्या जागेत दुसरा तरुण, अननुभवी नर येतो.

उसातला
अभ्यास वाचलाय साहेब, बरोबर पण आहे. पण ज्याच्या घरातलं पोर गेलं त्याच्यासमोर तो अभ्यास वाचून दाखवायला कोणी येत नाही. त्या दिवशी पिंजरा लागलाच पाहिजे, नाहीतर लोक स्वतः काहीतरी करतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी एवढंच म्हणतोय.

मुळामुठा
मान्य. माणसावर हल्ला करणाऱ्याला उचलायलाच हवं, त्यावर वाद नाहीये. मी नुसता दिसला म्हणून पिंजरा लावा म्हणणाऱ्यांबद्दल बोलत होतो.

आणि गर्दीबद्दल पण लिहायचं होतं. कोथरूडला महात्मा सोसायटीत डिसेंबर २०२० मध्ये गवा आला होता आठवतंय? एवढं टनभर वजनाचं जनावर, पण गव्याला पळवून पळवून दमवलं, माणसं फोन घेऊन मागे, तो गाड्यांवर, गेटवर आपटतोय, तोंडातून रक्त. बेशुद्ध करून पकडला आणि मेला. त्याच महिन्यात बावधनला दुसरा आला तेव्हा रस्ते बंद केले, लोकांना लांब ठेवलं आणि तो सरळ परत रानात गेला. दोन प्रसंगांमध्ये फरक फक्त बघ्यांचा होता.

मांजलपूरकर
आमचं बडोद्याचं चालेल का इथे? मराठीच आहोत, तीन पिढ्या इथे. आमच्याकडे मगरी. विश्वामित्री नदी शहराच्या मधून जाते आणि तिच्यात मगरी पूर्वीपासून आहेत, पूल ओलांडताना लोक स्कूटर थांबवून बघतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मगरी कॉलन्यांमध्ये शिरल्या, वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी रोज पकडून नेल्या. पाणी आत येताना नाही, पाणी उतरल्यावर काळजी घ्यायची असते. चिखलात, गाडीखाली, ओट्याच्या आडोशाला, जिन्याखाली जिथे गारवा असेल तिथे ती पडून राहते आणि चिखलाचाच रंग. आमच्या गल्लीत पाणी ओसरलं की आधी गच्चीवरून काठीने आणि टॉर्चने बघतात, मग दार उघडतात. आत्या अजूनही पावसाळ्यात रात्री अंगणात भांडी ठेवायला जात नाही.

निवांत_नळस्टॉप
मी पालींवर समाधानी आहे. मागणी मागे.

एडिसनची_मावशी
न्यू जर्सी. वरचं सगळं वाचून आमचा त्रास सांगायला लाज वाटतेय पण सांगते. हरणं. लोक म्हणतात किती छान अंगणात हरणं येतात. होस्टा संपवले, ट्युलिपच्या कळ्या फुलायच्या आदल्या रात्री बरोबर खातात, मेथी मी वाफ्यात लावली तर तीही साफ. डॅफोडिलला मात्र तोंड लावत नाहीत कारण ते विषारी असतात, म्हणून माझी बाग आता पिवळी आहे. खरी भीती गोचिडांची. लाईम नावाचा आजार त्यांच्यामुळे होतो, तीळाएवढी गोचीड असते, गुडघ्याच्या मागे नाहीतर केसात, चावल्याचं कळतही नाही. बागकाम करून आल्यावर कपडे सरळ ड्रायरमध्ये आणि अंग तपासायचं. गोल लाल चट्टा उठला तर डॉक्टर, ताबडतोब. तो सगळ्यांना उठतोच असंही नाही, नुसता ताप आणि सांधेदुखी असली तरी सांगा की बागेत काम करता.

निलगिरी_मेलबर्न
मुळामुठांनी पकडून सोडण्याबद्दल लिहिलंय त्यात आमची भर. इथे छतात पॉसम (मांजराएवढा, झाडावर राहणारा निशाचर प्राणी) शिरतो, रात्रभर धुडगूस, छताच्या फळीतून मुताचे डाग. मला वाटलं पिंजरा लावू आणि लांबच्या पार्कात सोडून येऊ. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात तो गुन्हा आहे! घराच्या छतात शिरलेला ब्रशटेल पॉसम पकडता येतो, पण त्याच दिवशी संध्याकाळी, त्याच आवारात, पकडल्या जागेपासून ५० मीटरच्या आत सोडावा लागतो. कारण तेच, दुसरीकडे सोडलेले बहुतेक मरतात आणि छताची जागा रिकामी झाली की दुसरा येतो. म्हणजे करायचं काय तर तो रात्री बाहेर पडला की भोक बंद करायचं आणि झाडावर त्याला लाकडी खोका टांगून द्यायचा. मला आधी हा कायदा वेड्यासारखा वाटला होता, आता पटलाय. खोक्यात राहतो तो. गुलाब खातो पण खोक्यात राहतो.

भिवपुरी_लोकल
अर्जंट! हाच धागा सापडला. बदलापूरच्या पुढे जुनं कौलारू घर आहे, माळ्यावर उदमांजराने पिल्लं घातलीत. आई म्हणते घरात नव्या तांदळासारखा वास येतोय, साप आहे. मला वर लांब शेपटी आणि चमकणारे डोळे दिसले. काय करू? एजन्सीवाला म्हणतो पकडून नेतो, पैसे जास्त सांगतोय.

रानजाई
आमच्याकडेही तो वास येतो, उदमांजराचाच. आईंना सांगा साप नाही. लेंडीत भेर्ली माडाच्या नाहीतर चिकूच्या बिया दिसतात का बघा, खात्री होईल. आणि एजन्सीवाल्याला नको म्हणा.

वारूळ
नको म्हणाच. उदमांजर पकडून नेणं कायद्याने गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहे. काही अडचण आली तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे.

पिल्लं डोळे उघडून आईमागे बाहेर पडायला लागेपर्यंत थांबा. दिवसा माळ्यावर जाऊ नका, आई घाबरून चावू शकते. तोपर्यंत घराला टेकलेल्या फांद्या छाटू नका, त्यांची ये-जा तिथूनच असते. रात्री अंधार पडल्यावर सगळी बाहेर जातात. त्यांची वाट कळण्यासाठी कौलाच्या फटीत वर्तमानपत्राचा बोळा हलकाच अडकवून ठेवा, सकाळी खाली पडलेला दिसला की तीच जागा. मग सलग काही रात्री बघायचं की सगळी पिल्लं बरोबर जातात का. खात्री झाली की एखाद्या रात्री ती गेल्यावर तिथे वेल्डमेश जाळी ठोका, लाकडी पट्टी देऊन, नुसत्या तारेने नको. आणि मग फांद्या छाटा. एखादं पिल्लू आत राहिलं तर आई कौलं उपटून आत येईल, तेव्हा घाई करू नका.

भिवपुरी_लोकल
धन्यवाद काका. आईला वाचून दाखवलं. म्हणाली ठीक आहे, पण ठोकायला वर कोण चढणार ते पण विचार.

सडा_आणि_समुद्र
हाच तर खरा प्रश्न आहे हो. आमच्याकडे एकजण चढतो, पण तो मे महिन्यातच मिळतो आणि आधी सांगून ठेवावं लागतं.